गच्चीवरचं पातेलं



पहिल्या वर्षी आपल्या सोसायटीत ओळखी कमी आणि मेन्टेनन्सवरून भांडणं जास्त. आश्विन आला, पाऊस गेला, गच्ची वाळली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, कोजागिरीचं दूध एकत्र करू. पण 40 लिटरचं पातेलं कुणाकडे असणार? वर्गणी काढून पितळेचं घेतलं, सोसायटीचं नाव कोरून. मी खजिनदार, त्यात बँकेतला. 'भाड्यानं आणा' म्हणून कुरकुरलो होतो, हे आज कबूल करतो.

तळाशी पालथी बशी टाकायची, म्हणजे दूध लागत नाही, हे आमच्या हिनं सगळ्यांना शिकवलं. केशर आधी कोमट दुधात भिजवायचं; वेलदोडा, चारोळी, जायफळ शेवटी. जायफळ बेतानं हं, नाहीतर चंद्र डोक्यावर यायच्या आत माणसं आडवी! सजावट म्हणाल तर चार सतरंज्या, आणि गच्चीवरचा दिवा बंद. आटीव दुधाचा वास पहिल्या मजल्यापर्यंत जायचा आणि न बोलणारेही पेला घेऊन वर यायचे.

ती जाऊन चार वर्षं झाली. हल्ली तयार दूध येतं, कागदी पेल्यांतून. मागच्या सभेत ठराव आला, पातेलं जागा अडवतं, भंगारात काढू. वजनावर किंमतही निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी फायद्याच्या ठरावाविरुद्ध हात वर केला.

पातेल्याला कल्हई करून आणली आहे, खर्च माझा. यंदा आठ ते साडेआठ मी ढवळणार. साडेआठची पाळी अजून रिकामी आहे.