सुट्टीतील एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला प्रत्येकीने चार शब्द बोलायचे असे ठरले आणि चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या चिठ्ठीत 'सुट्टीतील सहल' निघाली. मला भाषणाची सवय नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली, आणि शाळेत असतानाही कविता म्हणायला उभी राहिले की माझे पाय लटपटत. पण तुम्हां सर्वांपुढे भीती कसली? हळदीकुंकवाला बसून बोलते तशीच बोलेन. गोष्ट आमच्याच घरची आहे, आणि तिच्यात चूक माझी होती.

२०१७ सालचा मे महिना. सुट्टी लागलेली, साताऱ्याहून नणंदेची दोन मुले आलेली, माझी तीन. पाच मुले घरात म्हणजे काय ते तुम्ही जाणताच! रोज एकच धोशा, कुठेतरी जाऊ या. ह्यांचे हळदीच्या वखारीत काम, रजा एकाच दिवसाची. तेव्हा लांब कुठे जाणार? आपल्या वाईपासून मेणवली तीन किलोमीटर. पायी जायचे आणि घाटावर जेवायचे, असे ठरले. आपण इतक्या जवळच्या, पण नाना फडणविसांचा वाडा किती जणींनी नीट पाहिला आहे? मुलांना वाड्यापेक्षा 'स्वदेस' सिनेमातला घाट पाहायचा होता. २००४ साली तो पडद्यावर आला, तेव्हा यांतली काही जन्मलीही नव्हती.

आमचा वाघ्या मागे लागला. नाव वाघ्या, पण मांजर दिसले की चुलीमागे जाणारा! त्याला आदल्या वर्षी आमच्या मधल्या मुलीने पावसातून उचलून आणले होते. मी म्हटले, "त्याला कशाला? राहील घरी." ती म्हणाली, "मग मीही राहते." शेवटी नेले. मी स्पष्टच सांगते, मला कुत्र्याचे कौतुक नव्हते. भाकरी घालत होते, एवढेच.

पहाटे निघायचे होते. पण दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, पन्ह्याची बरणी हे सगळे बांधीपर्यंत आठ वाजून गेले. सासूबाई रिक्षाने डबे घेऊन पुढे गेल्या, आम्ही चालत. घाटावर पोहोचलो तेव्हा मन अगदी प्रसन्न झाले. कृष्णेचे संथ पाणी आणि काळ्या दगडाच्या पायऱ्या. तिथे एक मोठी घंटा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची ती लूट. तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. सासूबाईंनी तिलाही हात जोडले. म्हणाल्या, "लेकरू कडेवर आहे ना, मग आईच ती."

मुले पाण्यात उतरली. वर धोमचे धरण आहे, पाणी सोडले की नदी वाढते, म्हणून हे पायऱ्यांवर राखण करीत बसले. वाघ्या मात्र एकदा डब्यांकडे, एकदा पाण्याकडे. ओल्या अंगाने पुऱ्यांच्या फडक्यावर येऊन उभा राहिला, तेव्हा माझा संताप झाला. सुतळी घेतली आणि देवळाच्या भिंतीपाशी, आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर त्याला बांधून टाकले. तेव्हा तिथे छान सावली होती. दहा वाजले असतील.

भगिनींनो, सावली एका जागी राहत नाही, हे मला का ठाऊक नाही? वाळवणाचे पापड दिवसातून तीनदा सरकवणारी मी! पण सगळ्यांची पाने वाढायची, कुणाला चटणी तिखट, कुणाला पन्हे हवे. सहल पुरुषांची आणि मुलांची, आपले स्वयंपाकघर फक्त झाडाखाली जाते. वाघ्या केकाटत होता ते मी ऐकले होते. जेवणाच्या वासाने ओरडतो आहे असे समजून मी दोनदा "गप रे!" म्हणून ओरडले. मग तो गप्प झाला. मला बरेच वाटले.

साडेबाराच्या सुमारास मुलगी त्याची दशमी घेऊन गेली आणि तिने अशी हाक मारली की हातातले पातेले माझ्या हातून निसटले. भिंतीची सावली केव्हाच सरकली होती. तो उन्हात, तापलेल्या काळ्या फरशीवर आडवा पडला होता. जीभ बाहेर, लाळ दोरीसारखी चिकट, हिरड्या लालभडक, आणि उठवले तर पाय धरीनात. सुतळी इतकी आखूड की सरकायलाही जागा नव्हती. गाठ मीच मारलेली होती.

मी जड मडक्यासारखी नुसती उभी राहिले. ह्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी सावलीत घ्या. पोटावर, जांघेत, पायांवर साधे पाणी ओता, बर्फ लावू नका. वारा घाला. तोंडात पाणी बळेच ओतू नका, त्याचे तो पिईल तर पिऊ द्या. आणि लगेच घेऊन या." सासूबाईंनी आपल्या लुगड्याचा पदर नदीत बुडवून त्याच्या पोटावर ठेवला. सोवळ्याओवळ्याच्या इतक्या कडक बाई, पण त्या वेळी काही म्हणाल्या नाहीत. एका रिक्षावाल्याने कुत्रे घ्यायला नकार दिला, दुसऱ्याने घेतले.

डॉक्टरांनी सलाईन लावले. त्यांनीच समजावून सांगितले की कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा काय तो पंजांना. त्याची बरीचशी उष्णता धापा टाकून बाहेर जाते. हवाच तापलेली असली की धापाही पुऱ्या पडत नाहीत. म्हणाले, "फरशीवर किंवा डांबरावर उलटा हात ठेवून सातपर्यंत मोजा. हात ठेववला नाही, तर त्याचे पायही तिथे ठेवायचे नाहीत." त्याच्या पंजांना फोड आले होते.

वाघ्या वाचला. पण मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. रागावून भांडली असती तर मी उत्तर दिले असते. ती ताट घ्यायची, जेवायची, ताट घासून ठेवायची, आणि वाघ्याजवळ जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात सगळे निजले असता मी अंगणातल्या फरशीवर चप्पल काढून उभी राहिले. चारपर्यंत मोजले आणि उडी मारून पडवीत आले. वळून पाहते तो मुलगी दारात उभी. काही बोलली नाही. आत जाऊन मलम आणले आणि माझ्यासमोर ठेवले. मला वाटले, माझ्या पायांसाठी. ती म्हणाली, "त्याच्या पंजांना लावायचंय. तू धर, मी लावते." मी धरले. तो माझा हात चाटू लागला, तेव्हा मला रडू आवरेना. ज्याला मी बांधले, त्याने चाटावे!

पुढल्या वर्षी, २०१८ साली, पुन्हा मेणवलीला गेलो. पहाटे पाचला निघालो आणि नऊच्या आत घरी परतलो. डब्यांत फक्त दशम्या आणि गूळ, आणि वाढायचे काम ह्यांच्याकडे. मी पहिल्यांदाच घाटावर पाय पाण्यात सोडून बसले, शेजारी वाघ्या. येताना मी म्हटले, "आण ती दोरी माझ्याकडे, तू दमली असशील." मुलगी म्हणाली, "राहू दे आई, मी धरते."

अजूनही दोरी तीच धरते.