पुन्हा वितळणारी लाख



पॉलिमर म्हणजे लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी, हे आपण शाळेत शिकला आहात. कापसात सेल्युलोज, लोकरीत केराटिन, दुधाच्या पिशवीत पॉलिथिन. 1920 साली हरमान स्टाउडिंगर यांनी ही कल्पना मांडली, 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते असो. मला आज भांडायचं आहे ते ‘नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट’ या वाटणीशी. माझ्या मते वस्तूला एकच प्रश्न विचारावा: काम संपल्यावर तू पुन्हा वितळशील का?

लाख घ्या. इथे कुणाच्या गळ्यात बोरमाळ आहे? पोकळ की लाखेची? (हशा) सांगायला हरकत नाही, पातळ पत्र्याचा मणी चेपू नये म्हणूनच लाख भरतात. कोल्हापुरी साजातही भरतात. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा रस शोषतो आणि राळ सोडतो, ती ही लाख. तापली की मऊ, निवली की टणक. म्हणून तर बालगंधर्वांचं गाणं तिच्यात उतरलं! लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या गरम गोळ्यावर ठसा दाबला की तबकडी तयार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखेची टंचाई झाली, तेव्हा लोकांकडच्या जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्या केल्या गेल्या. जुनं गाणं मोडून नवं गाणं! यावर मी तासभर बोलू शकेन.

विजेच्या कामाला लाख पुरेना, म्हणून लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये बेकेलाइट शोधलं. जुन्या घरांतली काळी बटणं, कुकरची मूठ. ते उष्णतेला दाद देत नाही, कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. आणि म्हणूनच ते पुन्हा वितळत नाही. पण रबर तर झाडाचा चीक ना? गुडइयर यांनी 1839 मध्ये तो गंधकाबरोबर तापवला; त्या रीतीनं झालेला टायरही वितळवून नवा करता येत नाही. उलट कारखान्यातलं पॉलिथिन वितळतं. मग सांगा, वाटणी कुठे राहिली?

मागून चिठ्ठी आली आहे, ‘तुम्ही प्लास्टिकवाल्यांचे वकील आहात.’ नाही हो! नाल्यात तुंबलेल्या पिशवीची बाजू मी घेणार नाही. 2018 ची राज्यातली बंदी मला योग्यच वाटते. माझा राग वेफर्सच्या पाकिटावर आहे. प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा असे एकजीव केलेले, की भंगारवाला त्याला हात लावत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. नायलॉन, टेफ्लॉन राहिलं. दोनच मिनिटं द्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो तुकडा केरात जातो, भंगारापर्यंत कधीच पोचत नाही. कोपरा लोंबता ठेवा, पिशवी धुऊन वाळवा आणि रद्दीवाल्याला द्या. तो ती घेतो, कारण ती सगळी पॉलिथिनचीच असते आणि वितळते. बाकीचे प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेऊ.