पाळण्यातले पाय आणि पुढची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, शिवचरित्रावर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्याच व्यासपीठावर सुवर्णमहोत्सवी वर्षात बास्केटबॉलसारखा विषय आलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. या खेळात माझा अधिकार एवढाच की, महाविद्यालयाच्या संघात मी तीन वर्षे राखीव खेळाडू होतो. बाकावर बसणाऱ्याला खेळ कमी खेळायला मिळतो, पण नीट पाहायला मिळतो. पुढे सरकारी नोकरीत हाताखालच्या माणसांचे वार्षिक अहवाल लिहिता लिहिता मला त्या बाकाची वारंवार आठवण झाली. समोरच्या माणसात आज काय आहे हे लिहिणे सोपे असते; उद्या तो काय होईल, हे लिहिताना लेखणी अडखळते.

अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांचे सामने पाहत हिंडणारे आणि त्यांतून महाविद्यालयांसाठी खेळाडू हेरणारे लोक असतात. आपण त्यांना पारखी म्हणू. त्यांना सर्वांत जास्त चकविणारा खेळाडू बहुधा फॉरवर्ड. संघातले पाच जण घ्या. सर्वांत उंच तो सेंटर. चेंडू खेळवत पुढे नेणारे ते गार्ड. आणि या दोहोंच्या मधले ते फॉरवर्ड. फॉरवर्डला दुरून बास्केट साधावी लागते, कड्याखालच्या झुंबडीत उडी घेऊन परतलेला चेंडू मिळवावा लागतो आणि वेळ येताच तो सहकाऱ्याच्या हाती अचूक द्यावाही लागतो. त्यातून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे अंग अजून भरायचे असते. या वयात जो इतरांपेक्षा उंच, तो केवळ उंचीवर गुण मिळवितो आणि पुष्कळदा बाकीचे शिकायचे राहून जाते. जो ठेंगणा, त्याला पायांची चपळाई आणि पास शिकल्यावाचून गत्यंतर नसते. पुढे तोच उंच झाला, तर दोन्ही गोष्टी त्याच्या पदरात पडतात.

म्हणून जाणता पारखी नुसते गुण मोजत नाही. हातात चेंडू नसताना मुलगा कुठे उभा राहतो, डावा हात वापरतो की नाही, नेम चुकल्यावर मागे धावतो की हळहळत उभा राहतो, सहकाऱ्याच्या हातून चूक झाली की त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे तो टिपून ठेवतो. सहा महिन्यांनी तो पुन्हा येतो. पहिल्या टिपणात आणि दुसऱ्या टिपणात जे अंतर पडलेले असते, तीच खरी माहिती.

याचे एक उदाहरण सांगतो. इंडियाना राज्यात फ्रेंच लिक नावाचे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव आहे. तिथला लॅरी बर्ड हा मुलगा १९५६ साली जन्मला. सहा भावंडे, घरची गरिबी, आई दोन-दोन ठिकाणी राबणारी. मुलाचा बराच काळ आजीकडे जाई. स्प्रिंग्ज व्हॅली हायस्कूलच्या संघात तो आला तेव्हा अंगाने किरकोळच होता. एका हंगामात त्याचा घोटा मोडला, तर पठ्ठ्या कुबड्यांच्या आधाराने उभा राहून नेम धरण्याचा सराव करीत राहिला. पुढच्या दोन वर्षांत त्याची उंची भराभर वाढली, पण ठेंगणा असताना हाताला लागलेली पासची सवय सुटली नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षी, १९७४ साली, त्याची दर सामन्यामागे सरासरी सुमारे ३१ गुण आणि २१ रिबाउंड अशी होती.

पारख्यांची नजर चुकली नाही. बॉब नाइट या नामवंत प्रशिक्षकांनी त्याला ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात शिष्यवृत्तीवर नेले. टिपणवहीतला प्रत्येक रकाना बरोबर भरला गेला होता. आणि तरीही महिना उलटण्यापूर्वीच, सामन्यांचा हंगाम सुरू होण्याच्या आत, हा मुलगा गाशा गुंडाळून घरी परतला!

खेळात तो कमी पडला नव्हता. दोन हजारांच्या गावातून तो तीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या आवारात येऊन पडला होता. खिशात पैसे नव्हते, अंगावर धड कपडे नव्हते, बोलायला ओळखीचे माणूस नव्हते. ब्लूमिंग्टन ते फ्रेंच लिक हे अंतर अवघे ऐंशी किलोमीटर. राज्य तेच, भाषा तीच, अन्नही तेच. तरी तो परका झाला. गावी येऊन त्याने नगराच्या रस्तेखात्यात नोकरी धरली. कचऱ्याच्या गाडीवरही काम केले. त्याच सुमारास वडिलांचाही करुण अंत झाला. पारख्यांच्या हिशेबी हा मुलगा संपला होता.

नाइट यांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले की, त्या वेळी या मुलाला कशाची गरज होती हे ओळखण्यात आपली हयगय झाली. एवढ्या मोठ्या प्रशिक्षकाने दिलेली ही कबुली मला त्यांच्या विजयांइतकीच मोलाची वाटते.

बिल हॉजेस नावाचे दुसरे एक प्रशिक्षक मात्र फ्रेंच लिकला गेले. सुरुवातीच्या नकाराने न खचता त्यांनी त्याला टेर होट येथील इंडियाना स्टेट या त्या मानाने लहान विद्यापीठात आणले. नियमाप्रमाणे पहिले वर्ष त्याला सामन्यांबाहेर बसावे लागले. पुढे १९७९ साली हाच अपरिचित संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेट संघाने त्यांना ७५-६४ असे हरविले, पण तोवर बर्डचे नाव देशभर झाले होते. बॉस्टन सेल्टिक्सकडून त्याने १९८१, १९८४ आणि १९८६ अशी तीन अजिंक्यपदे मिळविली. १९८४ ते १९८६ सलग तीन वर्षे तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. १९९२ साली ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्याच्या गळ्यात पडले. मुलगा तोच होता. फरक पडला तो त्याला मिळालेल्या जागेत आणि माणसांत.

मित्रहो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. दिसतात खरे; पण पाळण्यातले पाय पाहणाऱ्याने पुढच्या वाटेवर काटे किती आहेत, हेही पाहायला नको का?

आता थोडे घरचे. बारा वर्षांपूर्वी आमची या शहरात बदली झाली, तेव्हा आमचा मुलगा नववीत होता. आधीच्या गावी तो शाळेच्या संघात फॉरवर्ड खेळत असे. इथल्या शाळेत संघ आधीच ठरलेला होता. ‘पुढच्या वर्षी बघू’ असे उत्तर मिळाले. त्याने तक्रार केली नाही. तो नुसता गप्प होत गेला. कार्यालयात तीस माणसांचे अहवाल लिहिणाऱ्या मला हे कळायला तीन महिने लागले. एके दिवशी पलंगाखालून पेटी ओढताना त्याचा चेंडू हाती आला. त्यातली हवा पार गेली होती. तो चेंडू हातात धरून मी बराच वेळ तसाच जमिनीवर बसून राहिलो.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळातील एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी, आम्ही त्यांना काकाच म्हणत असू, मुलाला मांडव घालण्याच्या कामाला जुंपले. त्याला उंच मचाणावर चढवून दोर बांधून घेतले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते दारात उभे! ‘चल रे, वसाहतीच्या मैदानावर पोरे खेळतात,’ एवढेच म्हणाले. मुलगा मोठा खेळाडू झाला नाही. तो आज एका बँकेत नोकरी करतो. पण त्या पहाटे तो घराबाहेर पडला आणि संध्याकाळी जेवताना पुन्हा बोलू लागला. काका आज हयात नाहीत. त्यांचे ऋण या व्यासपीठावरून व्यक्त करण्याची संधी मिळाली, हे माझे भाग्य.

ऐंशी किलोमीटरवर एक गुणी मुलगा कोमेजला. आपली मुले तर हजार-दीड हजार किलोमीटरवरून, वेगळ्या भाषेच्या वर्गात येऊन बसतात. म्हणून एक विनंती करून थांबतो. बदली होऊन नवे कुटुंब येते, तेव्हा आपण त्यांच्याकडून वर्गणीचा अर्ज भरून घेतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून त्या अर्जात एक रकाना वाढवावा: घरात शाळकरी मुलगा वा मुलगी आहे काय आणि तिला वा त्याला कशाची आवड आहे? आणि पहिले तीन महिने मंडळातील एका कुटुंबाने त्या मुलाची विचारपूस आपल्याकडे घ्यावी. खर्च काही नाही. पहाटे कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहायचे, एवढेच.