आईची ११२ पानं आणि संगणकातला संगणक

मी निवृत्त फौजी, मुक्काम इंदूरजवळ महू. संगणक शिकलो तो युनिटच्या ऑफिसात, गरजेपुरता. तेव्हा मला तज्ज्ञ समजू नका.

२००१ साली सुट्टीवर असताना आईच्या बेळगावच्या आठवणी मी टाइप केल्या होत्या. ती सांगायची, मी टाइप करायचो. ११२ पानं झाली. विंडोज ९८ आणि त्या काळचं एक मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. पुढे आई गेली, तो संगणकही गेला. फायली सीडीवर राहिल्या. नव्या संगणकावर उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नाही, तर मजकूर नाही. सॉफ्टवेअरची सीडी होती, पण ती आताच्या संगणकावर चढेना.

पुतण्या म्हणाला, "काका, क्यूएमू वापरून बघा."

फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये आणलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. पैसे लागत नाहीत. ते तुमच्या संगणकात दुसरा संगणक उभा करतं. त्याचा प्रोसेसर, मेमरी, सीडी ड्राइव्ह, सगळं सोंग. पण आतल्या विंडोजला ते खरंच वाटतं. मधे एक दुभाषा बसलेला असतो, तो आतल्या आज्ञा खऱ्या प्रोसेसरच्या भाषेत सांगतो. लिनक्सवर केव्हीएम जोडलं, तर बहुतेक आज्ञा दुभाष्याविना थेट चालतात आणि वेग येतो. त्यासाठी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं.

मी उत्साहात २ जीबी मेमरी दिली आणि केव्हीएमही जोडलं. विंडोज ९८ अर्ध्यावर कोसळलं. दोन संध्याकाळी गेल्या. बायको म्हणाली, "अहो, जेवून तरी घ्या." मग कळलं, की एवढी मेमरी या म्हाताऱ्याला पचतच नाही. २५६ एमबीवर आणलं, केव्हीएम काढलं, दुभाष्यालाच काम दिलं. सावकाश चाललं, पण चाललं. मूळ संगणक तरी कुठे धावत होता?

डिस्क म्हणजे एक फाइल. ४ जीबीची सांगितली तरी आत जेवढं भराल तेवढीच फुगते. विंडोज बसल्यावर मशीन बंद करून त्या फाइलची प्रत काढून ठेवली. हे विसरू नका. माझं नंतर तीनदा बिघडलं, तिन्ही वेळा प्रतीने तारलं. आणि नेटवर्क कार्ड दिलंच नाही. विंडोज ९८चे सुरक्षा अपडेट २००६ मध्येच थांबले. असा गडी इंटरनेटवर सोडायचा नसतो. आईच्या फायली सीडीच्या प्रतिमेतून आत दिल्या.

पहिलं पान उघडलं आणि आईचं वाक्य जसंच्या तसं समोर आलं. मी बराच वेळ पुढचं पान उघडलंच नाही.

आता फायली युनिकोडमध्ये आणतोय. रूपांतर करणारा प्रोग्राम रफार आणि पहिली वेलांटी चुकवतो, म्हणून एका खिडकीत विंडोज ९८, शेजारी नवा मजकूर, आणि ओळ-ओळ ताडून पाहणं. ८० पानं झाली. बहिणीने वाचून कळवलंय, की तीन ठिकाणी आईचा बेळगावी शब्द मी तेव्हाच "सुधारला" होता. तिला तो पाठ आहे. तेवढे शब्द आता तिच्याकडून घेतोय.