एक पान मागे वाचायचं राहिलं

आज बोलतेय आमच्यातली एकच, पण हे लिहिलंय आम्ही सगळ्यांनी मिळून. आमच्या मंडळीत बायकांची गुरुवारची प्रार्थनासभा असते. दुपारची भांडी-धुणी आटपली की आम्ही दहा-बाराजणी कुणा एकीच्या घरी जमतो. गीत गातो, पवित्र शास्त्र वाचतो, प्रार्थना करतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहे, एक अंगणवाडीसेविका आहे, शिवणकाम करणाऱ्या आहेत, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशाही दोघी आहेत.

आज आम्ही आमची एक चूक सांगणार आहोत. ती ज्या मुलीच्या बाबतीत घडली, तिला हे सगळं आधी वाचून दाखवलंय. तिनं दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. उरलेलं सांगायला तिची हरकत नाही. हे आधी का सांगतोय, ते पुढे तुमच्या लक्षात येईल.

झालं असं. आमच्या सभेला येणारी एक तरुण मुलगी लहान लेकराला घेऊन माहेरी आली. काय झालं ते तिनं आमच्यातल्या एकीला सांगितलं, तेही हळू आवाजात. त्या बाईनं ते दुसरीला सांगितलं, "प्रार्थनेत आठवण ठेव" असं म्हणून. दुसरीनं तिसरीला. संध्याकाळी प्रार्थनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विनंती आली, त्यात तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, सगळं. रविवारच्या उपासनेला ती आली तेव्हा चर्चच्या पायरीवरच्या प्रत्येक बाईला तिच्या घरातलं माहीत होतं. कुणी तिखटमीठ लावलं नव्हतं, असं आम्ही स्वतःला सांगत होतो. आम्ही तर प्रार्थना करत होतो!

गुरुवारी ती सभेला आली. आम्ही तिच्यासाठी मोठ्यानं, नाव घेऊन प्रार्थना केली. मग आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईनं इफिसकरांस पत्र उघडलं आणि पाचव्या अध्यायातलं बाविसावं वचन वाचून दाखवलं, बायकांनी आपल्या पतीच्या अधीन असावं हे. बाकीच्या आम्ही माना डोलावल्या. तिनं आपलं शास्त्र मिटलं, लेकराला उचललं आणि निघून गेली. पुढचे दोन महिने ती सभेला आली नाही.

आम्हाला वाटलं, वचन झोंबलं असेल. देवाचं वचन धारदार असतं, असंही एकजण म्हणाली.

त्या सुमारास आम्ही ठरवलं की तुकडे तुकडे वाचण्याऐवजी एक पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. दर गुरुवारी एक अध्याय. योगायोगानं हातात आलं तेच, इफिसकरांस पत्र. सहा अध्यायांचं छोटंसं पत्र आहे. इफिस म्हणजे आजच्या तुर्कस्तानात समुद्राजवळ वसलेलं जुनं शहर. पत्रात पौल स्वतःला बंदिवान म्हणवतो. कैदेतून तो लिहितोय, एकमेकांशी कसं राहायचं, कसं बोलायचं.

आणखी एक गोष्ट आमच्या शिक्षिकाबाईंनी सांगितली. ही पत्रं त्या काळी मंडळीत मोठ्यानं वाचून दाखवली जात. बहुतेकांनी ती ऐकलीच, जशा तुम्ही आत्ता रेडिओवर ऐकताय तशी. वचनांचे आकडेही पौलानं घातलेले नाहीत. नव्या करारात आज आपण पाहतो ते वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकानं १५५१ साली घातले. वचन शोधायला सोपं जावं म्हणून ती सोय आहे. पण त्या आकड्यांमुळे आपल्याला सवय लागली ती एक ओळ उचलायची आणि बाकीचं पान मिटायचं.

चौथ्या गुरुवारी चौथा अध्याय आला. वाचता वाचता एकोणतिसाव्या वचनाशी आलो. आमच्या शब्दांत त्याचा अर्थ असा: तोंडातून कुजकं बोलणं निघू देऊ नका. जे समोरच्याला उभारील, ज्याची त्या वेळी गरज असेल आणि ऐकणाऱ्याला कृपा देईल, तेच निघू द्या.

'कुजकं' या शब्दाशी आम्ही अडकलो. मूळ ग्रीक शब्द सडलेल्या, खराब झालेल्या वस्तूसाठी वापरतात. येशूनं जाळ्याचा दाखला दिला, त्यात चांगले मासे भांड्यात ठेवतात आणि वाईट फेकून देतात, तिथे वाईट माशांसाठी हाच शब्द आहे. मराठीतही आपण 'कुजकट बोलणं' म्हणतोच. आम्हाला वाटायचं, कुजकं बोलणं म्हणजे शिवी, टोमणा, अश्लील विनोद. पण मासा सडतो कसा? धरला तेव्हा तो ताजाच असतो. या हातातून त्या हातात जाताना, उन्हात पडून राहून सडतो. त्या मुलीनं एकीच्या कानात सांगितलेली गोष्ट खरीच होती, ताजी होती. ती आमच्या हातांतून फिरली आणि सडली.

त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. मग अक्षरओळख नसलेल्या आमच्या एक मावशी म्हणाल्या, "त्या पोरीला आपण जे वाचून दाखवलं, ते याच पत्रातलं ना? मग हे तर त्याच्या आधीचं आहे. आपण एक पान मागे का नाही वाचलं?"

मैत्रिणींनो, इतकी वर्षं आम्ही शास्त्र वाचतोय. हा प्रश्न वाचता न येणाऱ्या बाईनं विचारला, कारण त्या आकडे बघत नाहीत, सलग ऐकतात.

पाचवा अध्याय आम्ही त्या दिवशीच वाचला, पुढच्या गुरुवारची वाट न पाहता. बाविसाव्या वचनाच्या अगदी आधी एकविसावं आहे. ते सगळ्यांनाच सांगतं, ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. काही अतिशय जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनात 'अधीन असा' हे क्रियापद स्वतंत्र येतच नाही, ते एकविसाव्यातूनच घ्यावं लागतं. म्हणजे ही दोन वाक्यं एकमेकांना बांधलेली आहेत. आम्ही ती कात्रीनं कापली होती.

आणि पुढे? बायकांसाठी तीन वचनं आहेत. नवऱ्यांसाठी त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं, तसं नवऱ्यानं बायकोवर प्रेम करावं. तिला स्वतःच्या शरीरासारखं सांभाळावं. स्वतःच्या देहाचा कुणी द्वेष करत नाही, त्याचं पोषण करतो. आता सांगा, ज्या घरात हात उगारला जातो, त्या घरात हे पान कुणाला वाचून दाखवायला हवं होतं? आम्ही ते मार खाऊन आलेल्या पोरीला वाचून दाखवलं.

शास्त्र खोटं नव्हतं. आमचं वाचन अर्धं होतं. आणि अर्धं वाचलेलं वचन पूर्ण जोरानं बोललं, की तेही कुजकं बोलणं होतं. आजच्या भाषणातून एवढी एकच गोष्ट तुमच्याजवळ राहिली तरी पुरे. शास्त्राचा अभ्यास नीट करणं आणि जीभ सांभाळणं ही दोन वेगळी कामं नाहीत. दोन्हींत आधी पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, पानही आणि माणूसही.

मग आम्ही तिच्या घरी गेलो. सगळ्या नाही, तिघीच. जाताना ठरवलं होतं की वचन सांगायचं नाही. ईयोबाचे मित्र आठवा. त्याचं दुःख पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं तिथून चुकले.

तिच्या आईनं चहा ठेवला. आम्ही माफी मागितली. कशाबद्दल, ते स्पष्ट सांगितलं: तुझी गोष्ट आम्ही तुला न विचारता फिरवली, आणि तुला अर्धं वचन सुनावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मला वचन दिलंत. पण सकाळपासून काही खाल्लंस का, हे कुणी विचारलं नाही."

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

ती लगेच सभेला परत आली, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. ती उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते. लेकराला शब्बाथ शाळेत पाठवू लागली आहे. गुरुवारी अजून येत नाही. तुटलेला विश्वास माफी मागितली म्हणून दुसऱ्या दिवशी जुळत नाही, हेही आम्ही शिकलो.

आता, आम्ही काय बदललं ते सांगतो. तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा, भजनी मंडळात जात असा, बचत गटात असा, यातलं काही उपयोगी पडलं तर घ्या.

पहिलं, कुणाची अडचण प्रार्थनेत मांडायची तर आधी त्या बाईला विचारायचं, "सांगू का? किती सांगू?" ती नाही म्हणाली तर "एका बहिणीसाठी" एवढंच म्हणायचं. देवाला नाव-पत्ता माहीत असतो. गटावर तर कुणाच्या घरातली गोष्ट टाकायचीच नाही. तोंडातून गेलेला शब्द विरतो तरी, पाठवलेला मजकूर विरत नाही.

दुसरं, बोलण्याआधी त्याच एकोणतिसाव्या वचनातले प्रश्न स्वतःला विचारायचे. हे तिला उभारील का? याची आत्ता गरज आहे का? ऐकणारीला यातून कृपा मिळेल का? याचा अर्थ नेहमी गोड गोड बोलायचं असा नाही. त्याच अध्यायात प्रेमानं खरं बोला, शेजाऱ्याशी खरं बोला, असंही सांगितलंय. कधी खरं बोलणं कडू असतं. पण ते ज्याचं त्याला, समोर, चार भिंतींच्या आत बोलायचं.

याचं उत्तम उदाहरण त्याच इफिस शहरातलं आहे. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. अपुल्लो नावाचा विद्वान वक्ता तिथे आला. शास्त्रात पारंगत, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. तंबू शिवणारं एक जोडपं, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला, त्याचं भाषण ऐकत होतं. त्यांनी सभेत उठून त्याला चूक ठरवलं नाही. त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. बघा, त्या बाईचा अभ्यासही पक्का होता आणि बोलण्याची जागाही तिला कळत होती.

तिसरं, वचन दुसरीला सांगण्याआधी एक पान मागे आणि एक पान पुढे वाचायचं. कोणी लिहिलं, कुणाला लिहिलं, हे विचारायचं. जमलं तर दोन भाषांतरं शेजारी ठेवायची. आपल्या मराठी बायकांना तर याची मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषांवर मेहनत घेऊन संपूर्ण शास्त्र साध्या मराठीत आणलं. कित्येक वर्षं त्या कामात होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, त्याआधी ते काम त्यांनी पुरं केलं. साध्या बाईला समजावं म्हणून एका बाईनं एवढे कष्ट घेतले. आपण निदान एक पान जास्त वाचू शकतो.

चौथं, आमच्या सभेत आता एकजण वाचते आणि वाचता न येणाऱ्या मावशींना पहिला प्रश्न विचारायचा मान असतो. बिरुयातले लोक पौलाचं बोलणं आनंदानं ऐकत, पण ते खरं आहे का हे रोज शास्त्रात तपासून पाहत. त्याबद्दल त्यांची स्तुतीच केली आहे. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

आणि शेवटचं. घरात मार खाणारी एखादी बहीण हे ऐकत असेल, तर बाई गं, सहन करत राहा असं शास्त्र तुला सांगत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि तातडीच्या वेळी ११२ लावता येतो. आणि ती बहीण तुमच्या दारात आली, तर मैत्रिणींनो, आधी तिला विचारा, जेवलीस का? ताट वाढा. मग गप्प बसून तिचं सगळं ऐका. वचन पळून जात नाही. ते नंतरही वाचता येतं, सगळ्यांना मिळून, पूर्ण.

येत्या गुरुवारी आमचं पत्र संपून दुसरं सुरू होईल. ज्या घरी सभा असेल, तिथे दाराजवळची एक जागा आम्ही रिकामी ठेवतो. ती कुणाची, हे सांगायला नको.