विमानाचे चाक आणि घरचा तराजू

(दहिवली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



‘विज्ञान आणि आपण’ या विषयावर दोन शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. माझा विषय इतिहास. विज्ञानावर बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, हे मी आधीच कबूल करतो. परंतु काही वर्षांपूर्वी कार्यानुभवाचे तास माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने हातात पाना-हातोडी आली. त्यातून तयार झालेली एक वस्तू मी आज या टेबलावर आणून ठेवली आहे. तिला आमची मुले ‘चाकाचा तराजू’ म्हणतात. लहान विमानाच्या चाकाचा तोल पाहण्यासाठी असले साधन वापरतात. ते काय आहे हे मी सांगणार आहे, आणि त्या ओघात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे.

प्रथम आपण आपल्या घरातला छताचा पंखा आठवू या. एका पात्याला किंचित बाक आला किंवा त्याचे वजन थोडे कमी-जास्त झाले की पंखा डुलू लागतो. सावकाश फिरताना तो बरा वाटतो, पण रेग्युलेटर पाचवर नेला की घरातली म्हातारी माणसे खाट बाजूला ओढून घेतात! पंख्याचा जो नियम तोच भातगिरणीच्या चाकाचा, आणि तोच आपल्या शेजारच्या भिवपुरीच्या वीजगृहात १९२२ सालापासून पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांचा. फिरणाऱ्या वस्तूचे वजन तिच्या आसाभोवती सारखे वाटलेले नसेल, तर ती वस्तू थरथरते. वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, ती चौपट होते.

आता विमानाकडे वळू. विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हज यात्रेला नेणारे प्रचंड विमान येते. परंतु दोन-चार माणसे बसतील अशी लहान विमानेही असतात. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा असेच एक लहान विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि भारताच्या हवाई टपालाचा नवा अध्याय सुरू झाला. अलीकडच्या काळात अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. तेव्हा विमान ही काही आपल्या पंचक्रोशीपासून फार लांबची गोष्ट राहिलेली नाही.

चार जण बसणाऱ्या लहान विमानाला पुष्कळदा ज्या मापाचे मुख्य टायर असतात, त्यांची उंची साधारण साडेसतरा इंच असते. म्हणजे जवळजवळ आपल्या स्कूटरच्या चाकाएवढी. फक्त टायर जाड असतो आणि आतली रिम अवघी सहा इंचांची. हे चाक धावपट्टीवर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धावते आणि मग विमान जमीन सोडते. समजा, या चाकाच्या कडेला एका बाजूस फक्त वीस ग्रॅम वजन जास्त आहे. वीस ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे साखर. ताशी शंभर किलोमीटरला हे चाक सेकंदाला सुमारे वीस फेरे घेते. आमच्या वर्गाने फळ्यावर हिशेब केला. त्या वेगाला ती चार चमचे साखर साधारण सात किलो वजनाच्या जोराने चाकाला बाहेर ओढते. आणि ही ओढ एका जागी राहत नाही, सेकंदाला वीस वेळा दिशा बदलते. आपल्या कर्जतच्या तांदळाची सात किलोची पिशवी कोणी सेकंदाला वीस वेळा वर-खाली झटकत आहे अशी कल्पना करा, म्हणजे वैमानिकाच्या पायाखाली काय होत असेल ते कळेल. विमान वर उचलले तरी चाक काही क्षण हवेत फिरतच राहते आणि सबंध सांगाडा थरथरतो. अशाने नट ढिले होतात, बेअरिंग लवकर झिजते, टायर एका जागी खाल्ला जातो.

म्हणून विमानाच्या टायरवर कारखान्यातच एक लाल ठिपका देतात. तो टायरची हलकी बाजू दाखवतो. ट्यूबवर जड बाजूची खूण असते. ती त्या ठिपक्यासमोर आणून टायर चढवायचा, म्हणजे जड आणि हलके एकमेकांची उणीव भरून काढतात. तरीही थोडा फरक उरतोच. मोटारीच्या चाकाचा तोल पाहणारी यंत्रे आता गावोगाव आली आहेत, पण विमानाच्या चाकाचे मधले भोक आणि बांधणी वेगळी असल्याने ते त्या यंत्रावर सहसा नीट बसत नाही. तेव्हा लहान विमाने बाळगणारी हौशी मंडळी घरच्या घरी एक साधन करतात. तेच हे.

यात आहे तरी काय? लोखंडी अँगलचे दोन उभे खांब. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर शेजारी-शेजारी दोन लहान बेअरिंग. त्यांच्या खाचेत आडवा ठेवलेला हा सरळ, गुळगुळीत गज. आणि गजावर समोरासमोर सरकणारे, लेथवर कातलेले दोन शंकू. चाकाच्या भोकात दोन्ही बाजूंनी शंकू बसवले की चाक आपोआप मधोमध येते. पाणसळ लावून गज आडवा सरळ करायचा, चाक हलकेच सोडायचे आणि हात बाजूला घ्यायचा. जड बाजू खाली येते. तिथे खडूने खूण करायची. तिच्या बरोबर समोर, म्हणजे वरच्या बाजूला, शिशाचा तुकडा तात्पुरता चिकटवायचा. मग चाक पाव-पाव फेरा फिरवून सोडून पाहायचे. जिथे सोडू तिथेच ते थांबले, कुठल्याही बाजूला कलले नाही, तर तोल साधला.

इथे एक बारकावा आहे. चाकाच्या स्वतःच्या बेअरिंगमध्ये घट्ट वंगण भरलेले असते. त्यावर चाक फिरवून पाहिले तर वीस-तीस ग्रॅमचा फरक वंगणच गिळून टाकते आणि चाक निमूट उभे राहते. वाण्याचा गंजलेला तराजू जसा चिमूटभर मालाला हलत नाही, तसे. म्हणून आम्ही भंगारातून आणलेली ही चार बेअरिंगे रॉकेलने धुऊन कोरडी केली. जितका गज बारीक आणि बेअरिंग मोकळे, तितका तराजू हळवा. या साधनाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. चाक उभे असताना जो दोष दिसतो तेवढाच हे दाखवते. रुंद चाकाच्या दोन कडांमधला तिरपा दोष पाहायला चाक फिरवणारे यंत्रच लागते. विमानाची चाके अरुंद असल्यामुळे इथे बहुधा एवढ्याने भागते.

मित्रहो, मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. चाकाचा असा तोल साधण्याची कल्पना अलीकडची नाही. आज तुर्कस्तानात असलेल्या दियारबकर येथे आर्तुकी सुलतानांच्या दरबारी अल-जझरी नावाचा कारागीर-पंडित होता. पाण्याची घड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे, कुलपे, कारंजी यांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १२०६ साली पुरा झाला. १९७४ साली डोनाल्ड हिल या इंग्रज अभ्यासकाने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यातील कितीतरी युक्त्या प्रथमच लिहून ठेवलेल्या आढळतात असे दाखवून दिले. त्यांपैकी एक म्हणजे मोठ्या कप्पीच्या चाकाचा तोल साधणे! जे स्वतः करून पाहिले तेच लिहावे, असा अल-जझरीचा आग्रह होता. त्याच्याही आधी, ११२१ साली, मर्व शहरात अल-खाझिनी याने तराजूवर एक मोठा ग्रंथ लिहिला. सोन्यात भेसळ आहे की नाही हे ओळखणारा तराजू त्यात सांगितला आहे. हा अल-खाझिनी मूळचा गुलाम. त्याच्या मालकाने त्याला शिकवले, म्हणून आज नऊशे वर्षांनी दहिवलीत आपण त्याचे नाव घेत आहोत. शिक्षणाने काय होते असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर मी काय देऊ?

आता माझ्या चुकीबद्दल.

हा तराजू प्रथम उभा केला तेव्हा आम्ही स्कूटरचे एक चाक त्यावर चढवले. खूण केली, शिसे लावले, चाक स्थिर झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तेच चाक काढून पुन्हा चढवले तर ते कलले. पुन्हा शिसे लावले. तिसऱ्या दिवशी पुन्हा कलले. चाकच खराब आहे असे मी वर्गात जाहीर करून टाकले. ज्या गॅरेजमधून ते चाक आणले होते तिथला एक तरुण कारागीर ते परत न्यायला आला होता. तो काही वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, गज तसाच ठेवा आणि नुसतं चाक अर्धा फेरा फिरवून बसवा. खडूची खूण खाली आली तर दोष चाकाचा. गजाची तीच बाजू खाली आली तर दोष तुमच्या तराजूचा.”

आम्ही तसे केले. गजाची तीच बाजू खाली आली. एका शंकूचे भोक केसभर बाजूला पडले होते. दोष चाकात नव्हता, माझ्या तराजूत होता. आणि त्या तराजूच्या भरवशावर मी एका चांगल्या चाकाला रोज शिसे चिकटवत होतो.

हा तरुण कोण, हे मला ठाऊक होते. आठ वर्षांपूर्वी तो माझ्याच नववीच्या वर्गात होता. इतिहासात नापास, मराठीत नापास, वहीत अक्षर वेडेवाकडे. त्याचे वडील मला भेटायला आले आणि म्हणाले, “सर, पोराचं काय करू ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं.” मी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणालो, “चाचा, याचं डोकं अभ्यासात नाही. एखाद्या कामाला लावून टाका.” त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. दुसऱ्या आठवड्यापासून मुलगा गॅरेजात गेला. वर्गातली एक जागा रिकामी झाली आणि खरे सांगायचे तर मला हायसे वाटले.

त्या मुलाला मी ज्या तराजूत तोलले तो तराजू मी कधी तपासला होता का? नव्हता. सनावळ्या पाठ येतात की नाही, एवढेच तो तराजू मोजत होता. दोष कुठे आहे हे शोधण्याची जी बुद्धी त्या दिवशी त्याने दाखवली, ती माझ्या एकाही प्रश्नपत्रिकेत विचारलेली नव्हती.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील थकले आहेत. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “सर, झालं ते झालं. आता काही करता येतं का बघा.” करता येत होते. सतरा नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून दहावीला बसला. रात्री गॅरेज बंद झाल्यावर तो माझ्याकडे यायचा. त्याने मला बेअरिंग शिकवले, मी त्याला शिवाजी महाराजांपासून भूगोलापर्यंत सगळे शिकवले. तो दहावी पास झाला आहे आणि आता आय. टी. आय.ला जातो. आठ वर्षे मात्र गेली. ती मी त्याला परत देऊ शकत नाही.

पालकहो, माझी आपल्याला विनंती आहे. मुलगा हाताने काम करतो म्हणून तो अभ्यासाला नालायक असे समजू नका, आणि मुलगा अभ्यासात हुशार म्हणून त्याच्या हाताला ग्रीस लागू नये असेही समजू नका. विमानाची देखभाल करणारा परवानाधारक इंजिनिअर व्हायचे असेल तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागते, किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा. नुसता कसबी हात तिथे पुरत नाही. घरच्या तराजूवर चाक तोलणे कोणीही शिकू शकतो, पण ते चाक विमानाला लावण्यास योग्य आहे अशी सही परवाना असलेल्या माणसाचीच लागते. त्या सहीवर माणसांचे जीव अवलंबून असतात. तेव्हा दहावीच्या आत शाळा सोडवू नका. मुलीची तर नाहीच नाही. आमच्या वर्गात सात किलोचा तो हिशेब सर्वांच्या आधी बरोबर सोडवला तो आठवीतल्या एका मुलीने.

आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना सांगणे एवढेच, की एखादे मूल पुन्हा पुन्हा एकाच बाजूला कलताना दिसले, तर शिसे चिकटवण्यापूर्वी त्याला अर्धा फेरा फिरवून पाहा. वेगळा विषय द्या, वेगळे काम द्या, वेगळ्या रीतीने विचारा. मग ठरवा. सूरे रहमानमध्ये मीझानचा, म्हणजे तराजूचा, उल्लेख आहे हे आपण सर्व जाणतोच. मापात खोट नको ही ताकीद फक्त दुकानदारापुरती आहे असे मला आता वाटत नाही.

हा तराजू मेळावा संपेपर्यंत इथेच राहील. ज्यांना चाक फिरवून पाहायचे आहे त्यांनी जरूर यावे. मुलांनो, शंकूचे ते जुने चुकलेले भोकही मी जपून आणले आहे, तेही हातात घेऊन पाहा.