चार पूर्णांक आठ तारे



आमच्या लहानपणी घरातल्या मुलीसाठी स्थळ आलं की वडीलमंडळी 'चौकशी'ला निघायची. मुलाच्या घरी नव्हे, त्याच्या गल्लीत. कोपऱ्यावरचा वाणी, दूधवाला, शाळेतले जुने मास्तर, एखादे लांबचे मेहुणे. प्रत्येक जण काहीतरी सांगायचा आणि ऐकणारा ते मापानेच घ्यायचा. वाण्याची उधारी थकलेली असेल तर तो कडू बोलणारच. मेहुण्यांच्या पुतणीचं त्याच घरी चाललेलं असेल तर त्यांच्या गप्प बसण्याचाही अर्थ लावायचा. काय सांगितलं याच्या आधी कोण सांगतंय ते बघितलं जायचं.

आता आपण चौकशीला बाहेर पडत नाही. हॉटेल, दवाखाना, शिकवणी, प्लंबर, मंगल कार्यालय, काहीही हवं असलं की फोन काढतो आणि तारे बघतो. पाचापैकी किती? मीही तेच करतो. त्यातून माझ्याच घरी एक प्रकार घडला, तो आधी सांगतो. त्यात माझीही चूक आहे, म्हणून तर सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती घरी आली. वय ८१. आम्ही दोघंही नोकरीवर, त्यामुळे दिवसपाळीला कोणी बाई हवी होती. मुलीने फोनवर शोधून रुग्णांसाठी माणसं पुरवणारा एक ब्यूरो काढला. ४.८ तारे, सहाशेच्या वर अभिप्राय. "बाबा, याहून चांगलं मिळणार नाही," ती म्हणाली. १५,००० रुपये अनामत भरली. पहिले दोन दिवस बाई आल्या, चांगल्या होत्या. तिसऱ्या दिवशी "त्या रिक्षात बसल्यात, पोचतायत" असा ब्यूरोचा फोन आला आणि त्यावर विसंबून आम्ही साडेनऊला घराबाहेर पडलो. बाई आल्याच नाहीत. दुपारी दोन वाजता शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तोवर आई पलंगावर बसून होती. पाण्याचा तांब्या टेबलावर, चार हात लांब. फोनही तिथेच चार्जिंगला. एकटीने उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ती उठली नाही.

संध्याकाळी अनामत परत मागितली. "नियमात बसत नाही," असं उत्तर आलं. रात्री मी त्यांच्या नावापुढे एक तारा ठोकला आणि घडलं ते तारखेसकट लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन. आवाज अतिशय नम्र. "काका, तेवढा रिव्ह्यू काढून टाका, अनामत आजच्या आज परत करतो." मी काढला. पैसे आले. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट घरी सांगताना सुरात थोडी फुशारकीच होती.

आपल्याआधी असे किती जण होऊन गेले असतील, हा विचार मनात यायला बरेच दिवस लागले. सहाशे लोकांनी काय लिहिलं ते आम्ही वाचलं होतं. लिहून पुसून टाकणारे किती, ते आम्हाला कुठे दिसणार होतं?

या विषयावर बोलताना आपण सगळे खोट्या स्तुतीबद्दलच बोलतो. ती आहेच, आणि तिचे किस्सेही भारी आहेत. लंडनमध्ये उबा बटलर नावाचा एक तरुण लेखक आहे. दहा पौंडाला एक या दराने हॉटेलांची खोटी तारीफ लिहिण्याचं काम त्याने पूर्वी केलं होतं. २०१७ साली तो बागेतल्या ज्या शेडमध्ये राहत होता, तिचीच त्याने 'द शेड ॲट डलिच' या नावाने ट्रिपॲडव्हायझरवर हॉटेल म्हणून नोंद केली. पदार्थांच्या फोटोंत शेव्हिंग क्रीम आणि रंग वापरले. अभिप्राय मित्रांनी लिहिले. जेवायला यायचंय असे फोन आले की "जागा नाही" म्हणून सांगायचं. जागा नाही म्हटल्यावर लोकांची ओढ आणखी वाढली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती शेड लंडनच्या अठरा हजारांवर हॉटेलांमध्ये पहिल्या क्रमांकावर होती. तोवर तिथे कोणी एक घासही खाल्ला नव्हता.

आपल्याकडचा प्रकार इतका गमतीचा नाही. २०२३ च्या सुमारास घरबसल्या कामाचे निरोप व्हॉट्सॲपवर येत, ते अनेकांना आठवत असतील. अमुक हॉटेलला पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पन्नास-शंभर रुपये मिळवा. सुरुवातीचे पैसे खरोखर खात्यात जमा होत. मग टेलिग्रामच्या गटात ओढून 'प्रीपेड टास्क'च्या नावाखाली आधी पैसे भरायला लावत, आणि माणसाचे लाखो रुपये जात. पुण्या-मुंबईत शिकल्यासवरलेल्यांनी अशा तक्रारी पोलिसांत नोंदवल्या. चर्चा झाली ती बुडालेल्या पैशांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या पाच ताऱ्यांचं काय? ते देणाऱ्यांनी ती हॉटेलं पाहिलेलीसुद्धा नव्हती.

एका ताऱ्याचं मोल तरी किती असतं? अमेरिकेत येल्प नावाचं अभिप्रायांचं संकेतस्थळ २००४ साली सुरू झालं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी सिॲटल शहरातल्या हॉटेलांचे उत्पन्नाचे आकडे येल्पच्या ताऱ्यांशी ताडून पाहिले. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्यांना आढळलं. हे घडतं ते स्वतंत्र, एकट्या मालकाच्या हॉटेलांच्या बाबतीत. साखळी हॉटेलांना ताऱ्यांनी फारसा फरक पडत नाही, कारण त्यांची कीर्ती गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असते. म्हणजे ज्याला ताऱ्याची खरी गरज, त्यालाच खोट्या ताऱ्याचा मोह. लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांनी पुढे बॉस्टनमधल्या हॉटेलांचे अभिप्राय तपासले. त्यातले सुमारे १६ टक्के येल्पच्या गाळणीने संशयास्पद म्हणून बाजूला काढले होते. संशयास्पद म्हणजे खोटेच असं नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. पण त्यांचा एक निष्कर्ष मला फार बोलका वाटला. ज्या हॉटेलाला नुकताच वाईट शेरा मिळालाय किंवा ज्याच्याबद्दल फारसं कोणी लिहिलेलंच नाही, तिथे अशी लबाडी होण्याचा संभव जास्त.

तरीही खोटी स्तुती निदान डोळ्यांसमोर असते. ती वाचता येते, पारखता येते. काढून टाकलेली तक्रार कशी पारखणार?

ती काढायला लावण्याचे मार्ग बरेच आहेत. मुंबईत फैजल फारूकी यांनी २००० साली माउथशट हे संकेतस्थळ सुरू केलं. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून इंटरनेट बघायचे ते दिवस. स्कूटरपासून बँकेपर्यंत लोक तावातावाने लिहायचे, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या वकिलांच्या नोटिसा संकेतस्थळाकडे यायच्या. पुढे २०११ साली नियम आला की अशी लेखी तक्रार आल्यावर संकेतस्थळाने ३६ तासांत कारवाई करायची. त्याविरुद्ध माउथशट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ मार्च २०१५ चा श्रेया सिंघल खटल्याचा निकाल आपल्याला आठवतो तो माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं म्हणून. पण माउथशटची याचिकाही त्यात होती. न्यायालयाचा किंवा सरकारी यंत्रणेचा आदेश असल्याशिवाय, नुसती कोणी तक्रार केली म्हणून मजकूर काढायला संकेतस्थळ बांधील नाही, असं न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केलं. सामान्य गिऱ्हाइकाच्या दोन ओळी टिकाव्यात म्हणून एवढी लढाई झाली. माझ्या दोन ओळींना नोटीसही लागली नाही. एका गोड फोनने काम झालं.

आता संकेतस्थळांच्या पोटापाण्याकडे बघू. वाचणारे आपण, लिहिणारेही आपण, पण आपण पैसे देत नाही. अशा बहुतेक संकेतस्थळांना पैसे मिळतात जाहिरातीचे, आणि जाहिरात देणारे तेच, ज्यांच्याविषयी आपण लिहितो. यातून संशय येणारच. जाहिरात नाकारली की आमचे चांगले शेरे लपतात, असा आरोप अमेरिकेतल्या काही छोट्या व्यावसायिकांनी येल्पवर केला. येल्पने तो कायम नाकारला. २०१४ साली अपील न्यायालयाने येल्पच्या बाजूने निकाल दिला. त्याचा रोख मजेशीर आहे. असं घडलं असं मानलं तरी चांगल्या शेऱ्यांवर व्यावसायिकाचा मुळात हक्कच नाही, त्यामुळे याला कायद्याने खंडणी म्हणता येणार नाही! त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचमंड गावात बोटो बिस्त्रो नावाच्या इटालियन हॉटेलच्या मालकाने वैतागून जाहीर केलं की, येल्पवर आम्हाला एकच तारा द्या आणि पिझ्झ्यावर २५ टक्के सूट घ्या. लोकांनी हौसेने एकेक तारा दिला आणि खाली थट्टेत काय वाट्टेल ते लिहिलं. हा माणूस मला आवडतो, पण त्याच्यामुळे तिथल्या ताऱ्यांचा अर्थच उलटा झाला, हेही खरं.

कायदे होतायत. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे अभिप्राय विकण्या-विकत घेण्यावर बंदी आहे, आणि धाकदपटशा करून वाईट अभिप्राय काढायला लावण्यावरही. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली 'आयएस १९०००' हे मानक जाहीर केलं. लिहिणारा खरा माणूस आहे याची खातरजमा करा, पैसे देऊन लिहून घेतलेलं छापू नका, अशा अपेक्षा त्यात आहेत. जाहीर झालं ते ऐच्छिक म्हणून. पण अनामतीच्या बदल्यात राजीखुशीने पुसलेली ओळ कोणतं मानक शोधून काढणार?

मी आता पाच ताऱ्यांचं आणि एका ताऱ्याचं फारसं वाचत नाही. पाचवाला खूश असतो किंवा नातलग, एकवाला चिडलेला असतो किंवा समोरचा दुकानदार. दोन-तीन तारेवाले सापडले तर नीट वाचतो, कारण तितका तोल सांभाळून लिहिण्याचे कोणी पैसे देत नाही. आधी अलीकडचे बघतो. एकाच आठवड्यात चाळीस जणांना एकदम उमाळा आलेला दिसला की थबकतो. मालकाने तक्रारीला काय उत्तर दिलंय तेही बघतो. त्यात माणूस कळतो. आणि शंभरांवर अभिप्राय असून एकही तक्रार नसेल, तर मला आता भीती वाटते.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आलेला, घरी माणूस हवा होता. त्यांनी एका ब्यूरोचं नाव घेतलं आणि म्हणाले, "४.८ आहे. घेऊ ना?" तोच ब्यूरो. मी त्यांना सगळं सांगितलं, पाण्याच्या तांब्यासकट. त्यांनी बारीकसारीक विचारलं, बाई कशा होत्या, पावती दिली होती का, फोनवर कोण बोललं. मग थोडं थांबून म्हणाले, "पण मग तुम्ही हे तिथे लिहिलं का नाही?"

त्या रात्री मी पुन्हा लिहिलं. जुन्या तारखेसकट, आणि आधी लिहिलेलं अनामतीसाठी काढलं होतं हेही. दोनदा फोन येऊन गेला आहे. अजून तरी ते तिथे आहे.